घरी छापलेला फोटो टिकावा म्हणून

मुलांच्या शाळेच्या निमित्ताने आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरात प्रिंटर येऊन बसला आहे. २०२० साली शाळाच घरात आली, तेव्हा स्वाध्यायाची पाने छापून आणायला रोज कोणाकडे जायचे, म्हणून अनेकांनी तो घेतला. पुढे शाळा पुन्हा शाळेच्या इमारतीत भरू लागली, प्रिंटर मात्र घरातच राहिला. मग घरातले कोणीतरी सुचवते, "अगं, यावर फोटोही निघतात की!" कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून चकचकीत कागदाचे पाकीट येते आणि बारशाचे, मुंजीचे, सहलीचे फोटो भराभर छापले जातात. पहिल्या दिवशी ते इतके सुरेख दिसतात, की स्टुडिओची पायरी चढायची गरजच काय, असे वाटावे.

दुखणे सुरू होते ते दोन पावसाळ्यांनंतर. भिंतीवरच्या फोटोतली हिरवी पैठणी करडी झालेली असते. बाळाचे गाल पांढरेफटक नाहीतर एकदम नारिंगी दिसू लागतात. कपाटातला अल्बम उघडावा तर पाने एकमेकांना चिकटलेली. आपण म्हणतो, "प्रिंटरच टाकाऊ!" पण मैत्रिणींनो, प्रिंटरचा दोष त्यात फार थोडा असतो. फोटो किती वर्षे टिकणार हे ठरवतात तिघे : शाई, कागद आणि आपण तो कुठे ठेवतो ती जागा. यांतल्या कागदाकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते, आणि निवड करण्याची मोकळीक सर्वांत जास्त असते ती कागदातच. म्हणून आज थोडे कागदाविषयी बोलू.

तुम्ही म्हणाल, फोन असताना एवढी काळजी कशाला? हवा तेव्हा पुन्हा छापू. तर ऐका. माझ्या ओळखीच्या एका बाईंकडे त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो होता, जुना, कृष्णधवल, कडा झिजलेला. कोणीतरी फोनवर त्याचा फोटो काढला, एका दुकानातून तो मोठा करून छापून आणला आणि भिंतीवर लावला. मूळ फोटो घर बदलताना गहाळ झाला. पुढे तो फोनही बिघडला. चार-पाच वर्षांत भिंतीवरच्या चित्रातले डोळे आणि ओठ पुसट झाले. आता त्या घरात आजीचा चेहरा कोणाला दाखवायचा म्हटले, तर दाखवण्यासारखे काही उरलेले नाही. गंमत म्हणजे मूळ फोटो पन्नास-साठ वर्षे ट्रंकेत पडूनही शाबूत होता. गेली ती नक्कल.

हळद आणि गेरू

रंग उडतो म्हणजे काय होते, हे गृहिणीला सांगावे लागत नाही. पांढऱ्या टेबलक्लॉथवर हळदीचा डाग पडला तर आपण तो धुऊन कडक उन्हात टाकतो आणि दोन-तीन दिवसांत डाग निघतो. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. तुळशीवृंदावनाला लावलेला गेरू मात्र वर्षभर ऊन खाऊनही लालच राहतो. पावसाने धुपेल, खरवडून निघेल, पण विटून पिवळा पडणार नाही.

प्रिंटरच्या शायांमध्येही हेच दोन प्रकार आहेत. एक 'डाय' शाई. ती पाण्यात साखरेसारखी पूर्ण विरघळलेली असते, कागदात मुरते, रंग झगझगीत देते. पण तिची जात हळदीची. दुसरी 'पिग्मेंट' शाई. तिच्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण गेरूसारखे तरंगत असतात आणि ते कागदाच्या वरच्या थरात बसतात. प्रकाशाने कणाचा बाहेरचा भाग झिजला तरी आतला रंग शिल्लक राहतो, म्हणून ही शाई बरीच जास्त टिकते. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे आठवा. त्यांतले तांबडे-पिवळे रंग मातीतून काढलेले, निळा दगडातून. दीड हजार वर्षांनंतरही ते ओळखू येतात, कारण ते सारे कणांचे रंग आहेत. आपल्या जुन्या मोडी कागदपत्रांतली काळी शाई काजळाची असे. काजळ म्हणजे कार्बनचे कण. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल सोडले तर त्यांतली अक्षरे आजही काळीभोर दिसतात.

घरगुती प्रिंटरमध्ये, विशेषतः बाटलीने शाई भरायच्या टाकीच्या प्रिंटरमध्ये, रंगीत शाया बहुधा डाय प्रकारच्या असतात. काहींत फक्त काळी शाई पिग्मेंट असते. आपल्याकडे कोणती आहे हे शाईच्या खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका हरवली असेल तर साध्या कागदावर चारी रंगांचे पट्टे छापा, चांगले वाळू द्या आणि प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब सोडा. डाय शाई लगेच पसरते. पिग्मेंट जवळजवळ जागची हलत नाही.

शाई डाय आहे असे कळले म्हणून निराश होऊ नका. पण तिची बाटली रिकामी झाली म्हणून त्याच टाकीत पिग्मेंट शाई ओतू नका. डायसाठी बनवलेल्या प्रिंटरची बारीक छिद्रे त्या कणांनी तुंबण्याचा धोका असतो. डाय शाईच्या घरात कागद नीट निवडायचा आणि फोटो उन्हावाऱ्यापासून जपायचा, हा आपल्या हातातला उपाय.

कागदाचे पाच प्रकार

दुकानात फोटोचा कागद म्हणून जे काही मिळते, त्यात मुळात पाच जाती आहेत.

पहिला साधा झेरॉक्सचा कागद, ७० ते ८० जीएसएमचा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन, ग्रॅममध्ये. या कागदावर शाईसाठी खास लेप नसतो. शाई धाग्यांत शोषली जाते, रंग मंद येतात आणि कागदाला पोटल्या पडतात. स्वाध्यायाला, पाककृतीच्या टिपणाला उत्तम, फोटोला नाही.

दुसरा स्वस्तातला चकचकीत कागद. बाजारात सर्वांत जास्त खपतो तो हाच. याला 'कास्ट-कोटेड' म्हणतात. साध्याच कागदाला एका बाजूने लेप देऊन, तो तापलेल्या गुळगुळीत रुळावर दाबून चकाकी आणलेली असते. पाठीमागून तो साधा कागदच असतो, म्हणून दमट हवेत वाकतो आणि भरपूर शाई पडली की लाटा येतात. शाळेचा प्रकल्प, हळदीकुंकवाचे आमंत्रण, वाढदिवसाच्या सजावटीतले फोटो यांना तो झकास. वीस वर्षे ठेवायच्या फोटोला नाही.

तिसरा 'आरसी' कागद. यात मधल्या कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा पातळ थर असतो. आपल्या दुधाच्या पिशवीचे प्लॅस्टिक असते त्याच जातीचा. त्यावर शाई धरणारा लेप. हातात धरला की हा थेट स्टुडिओतल्या फोटोसारखा लागतो, लाटा येत नाहीत, मागून पाणी शिरत नाही. कास्ट-कोटेडपेक्षा किंमत बरीच जास्त. अल्बमच्या फोटोंसाठी मी हाच सुचवीन.

चौथा 'मॅट' कागद, म्हणजे चकाकी नसलेला. बोटांचे ठसे दिसत नाहीत, काचेला सहसा चिकटत नाही, दिव्याची तिरीप चमकत नाही. चांगल्या प्रतीचा जाड मॅट कागद पिग्मेंट शाईबरोबर फार छान टिकतो. आजी-आजोबांचे कृष्णधवल फोटो यावर विशेष खुलतात.

पाचवा सुती कागद. लाकडाच्या लगद्याऐवजी कापसाच्या तंतूंचा. चित्रकार आणि संग्रहालये तो वापरतात. महाग असतो, लहान गावात सहज मिळत नाही आणि त्याचे खरे चीज होते ते पिग्मेंट शाईबरोबरच. पण कापसाचा कागद का टिकतो, हे समजून घेण्यासारखे आहे. लाकडात 'लिग्निन' नावाचे द्रव्य असते. प्रकाश आणि हवा लागली की ते पिवळे पडते. फडताळात अंथरलेले वर्तमानपत्र वर्षभरात पिवळे होऊन तुटू लागते, ते मुख्यतः यामुळे. कापसात लिग्निन जवळजवळ नसतेच. पूर्वी चिंध्या कुटून हातकागद करीत. वेरूळजवळच्या कागजीपुरा गावाचे नावच या धंद्यावरून पडले. असा कागद, कसर आणि पाणी यांपासून वाचला तर, शेकडो वर्षे राहतो.

लेपाचीही एक गोष्ट

कागदावरच्या लेपाचे दोन प्रकार आहेत. एक फुगणारा. शाई पडली की साबुदाण्यासारखा फुगतो, तिला पोटात घेतो आणि वाळल्यावर तिच्यावर पांघरूण घालतो. वाळायला वेळ लागतो, ओल्या बोटाने चिकट होतो, पण हवेपासून शाईचे रक्षण करतो. दुसरा सच्छिद्र, मातीच्या माठासारखा. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत शाई क्षणात शोषली जाते. पाकिटावर 'इन्स्टंट ड्राय' लिहिलेले असते तो हा. आज बाजारात बहुतेक कागद याच प्रकारचे आहेत. हात लागला तरी रंग फासत नाही, मात्र छिद्रे उघडी असल्याने हवा आत जाते.

हवेने काय बिघडते? हवेतला ओझोन. वाहनांच्या धुरावर ऊन पडून तो तयार होतो. लेसर छपाईची यंत्रे आणि काही हवाशुद्धीकरण यंत्रेही तो थोडा सोडतात. २००० साली अमेरिकेत याचा मोठा गाजावाजा झाला होता. एका नामवंत कंपनीच्या कागद-शाईच्या जोडीवरचे फोटो उजेडात अनेक वर्षे टिकतील असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात काही घरांत ते काही आठवड्यांतच नारिंगी झाले. काचेमागचे फोटो ठीक, उघडे ठेवलेले बिघडलेले. शोध घेता निळी शाई हवेतल्या ओझोनने खाल्ल्याचे निघाले. तेव्हापासून टिकाऊपणाच्या चाचणीत उजेडाबरोबर हवेचाही विचार होऊ लागला.

यावरून आपल्यासाठी एवढेच : डाय शाईने 'इन्स्टंट ड्राय' कागदावर छापलेला फोटो पंख्याखाली किंवा फ्रिजच्या दारावर उघडा ठेवू नये. पंख्याचा वारा जितका जास्त, तितका ओझोनचा मारा जास्त. काचेमागे किंवा अल्बमच्या पाकिटात गेला की अर्धी लढाई जिंकली.

अती पांढऱ्या कागदाला भुलू नका

दोन पाकिटे शेजारी ठेवली की आपला हात जास्त पांढऱ्या कागदाकडे जातो. पण तो पांढरेपणा कुठून येतो? जुन्या मैत्रिणींना टिनोपॉल आठवत असेल. शर्ट धुऊन झाले की शेवटच्या पाण्यात चिमूटभर घातले की कसे झगझगीत दिसत! ते द्रव्य उन्हातले अदृश्य अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकते, म्हणून कापड पांढरेशुभ्र भासते. तशीच द्रव्ये कागदातही घालतात. काही वर्षांनी त्यांचा जोर ओसरतो आणि कागद आपल्या मूळ पिवळट रंगावर येतो. शाई टिकली तरी फोटोतली पांढरी साडी पिवळी दिसू लागते.

म्हणून ठेवणीतल्या फोटोला किंचित सायीच्या रंगाचा कागद बरा. पारख करायची तर नोटा तपासायचा जांभळा दिवा वापरा. पुष्कळ दुकानांतून गल्ल्याजवळ तो असतोच. त्याखाली कागद जितका निळा चमकेल तितके त्यात ते द्रव्य जास्त.

पाकिटावर काय वाचावे

एक, वजन. २३० किंवा २७० जीएसएम म्हणजे कागद जाड, एवढाच अर्थ. जाड कागद हाताला भारदस्त लागतो, वाकत नाही. पण त्यामुळे रंग जास्त टिकत नाही. १८० जीएसएमचा चांगला कागद २७०च्या वाईट कागदाला टिकाऊपणात मागे टाकेल.

दोन, 'ॲसिड-फ्री' म्हणजे आम्लमुक्त हा शब्द. आम्ल कागदाला आतून ठिसूळ करते. हा शब्द असेल तर चांगले, पण तो कागदाविषयी आहे, शाईविषयी नाही.

तीन, 'आर्कायव्हल' आणि '१०० वर्षे'. 'आर्कायव्हल' हा शब्द कोणीही छापू शकतो. तो अमुकच वर्षांची हमी देत नाही. वर्षांचा आकडा असेल तर त्याखालची बारीक अक्षरे वाचा. अल्बममध्ये, अंधारात? काचेमागे? की उघडा? तिन्हींची उत्तरे फार वेगळी असतात. शिवाय तो आकडा त्या कंपनीच्या स्वतःच्या शाईबरोबरचा असतो. दुसरी शाई घातली की आकडा गळून पडला.

हे आकडे काढतात कसे? शंभर वर्षे थांबायला कोणाला वेळ आहे! अमेरिकेत हेन्री विल्हेल्म यांनी आयुष्यभर हेच काम केले. रंगीत फोटोंच्या टिकाऊपणावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९९३ साली निघाला. त्यांच्या पद्धतीत फोटो अतिशय तीव्र दिव्याखाली ठेवून किती उजेड 'खाल्ल्यावर' रंग उडतो ते मोजतात आणि घरात रोज १२ तास ४५० लक्स उजेड असतो असे धरून त्याची वर्षे करतात. आता आपण हिशेब करू. ४५० गुणिले १२ म्हणजे दिवसाला ५,४०० लक्स-तास. आपल्याकडचे भर दुपारचे थेट ऊन सुमारे १ लाख लक्स असते. म्हणजे खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप फोटोवर एक तास पडली, की त्याने चाचणीतल्या अठरा दिवसांचा उजेड खाल्ला. रोज तासभर पडत असेल तर पाकिटावरच्या 'वर्षां'चे महिने होतात. पाकीट खोटे बोलत नाही. आपली खिडकी मोठी आहे एवढेच.

दुकानात आणि घरात करायच्या परीक्षा

पाकिटावर काहीच लिहिलेले नसेल, किंवा दुकानदार "ताई, सगळे सारखेच आहेत" म्हणत असेल, तर एक सुटा कागद मागून घ्या. पाठीमागे पाण्याचा थेंब ठेवा. शोषला गेला तर कास्ट-कोटेड. मोत्यासारखा वर राहिला तर आरसी. पुढच्या बाजूच्या कोपऱ्याला किंचित ओले बोट लावा. चिकट लागले तर फुगणारा लेप, नाहीतर सच्छिद्र. मॅट कागदाची छापायची बाजू कोणती ते कळत नसेल, तर ती सहसा जास्त पांढरी असते.

यापुढची परीक्षा घरी. सुटीत मुलांनाही यात घ्या. विज्ञानाचा छान प्रयोग होतो. एकच फोटो, ज्यात माणसाचा चेहरा, हिरवे झाड आणि निळे आकाश असेल असा, दोन-तीन वेगवेगळ्या कागदांवर छापा. एक दिवस वाळू द्या. प्रत्येक फोटोचा अर्धा भाग काळ्या जाड कागदाने झाका, मागे कागदाचे नाव आणि तारीख लिहा आणि सर्व फोटो एकाच उन्हाच्या खिडकीत चिकटवा. दर रविवारी काळा कागद उचलून पाहा. मार्च ते मे हे दिवस या कामाला फार चांगले. झाकलेल्या आणि उघड्या भागात फरक दिसू लागला की तारीख टिपा. ज्या कागदावर फरक सर्वांत उशिरा दिसेल, तो तुमच्या शाईशी जमणारा. कुठल्या जाहिरातीपेक्षा हा निकाल तुमच्या घराला जास्त लागू पडेल.

छापताना

कागद चांगला आणला आणि प्रिंटरला सांगितलेच नाही, तर पैसे वाया. छापण्यापूर्वी 'पेपर टाइप' विचारला जातो. तिथे 'प्लेन' तसेच राहिले तर शाई चुकीच्या प्रमाणात पडते, रंग बदलतात किंवा ठिपके साचतात. कागदाप्रमाणे 'ग्लॉसी' किंवा 'मॅट' निवडा आणि प्रत 'हाय' ठेवा. फोटोची फाइल पुरेशी मोठी हवी. ४ बाय ६ इंचांच्या फोटोला इंचाला ३०० ठिपके धरले, तर १,२०० बाय १,८०० ठिपके लागतात. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो आकसून येतो. पाठवणाऱ्या वहिनींना किंवा भाच्याला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

उरलेला कागद पाकिटात परत घालून, तोंड बंद करून, आडवा ठेवा. पावसाळ्यात उघडा राहिलेला कागद दमट होतो आणि त्यावर रंग पसरतो.

छापलेला फोटो लगेच अल्बममध्ये घालण्याची घाई नको. वरून कोरडा दिसला तरी शाईतली काही द्रव्ये सावकाश उडत असतात. एक दिवस फोटो सुटे, सावलीत, पंख्यापासून दूर पसरून ठेवा. कोकणातल्या आणि मुंबईच्या मैत्रिणींनी पावसाळ्यात दोन दिवस थांबावे. नाहीतर काचेच्या आतून धुके धरल्यासारखा थर दिसू लागतो.

ठेवताना

चिकट पानांचे, वरून प्लॅस्टिक उघडून फोटो चिकटवायचे अल्बम दिसायला सोयीचे, पण फोटोचे वैरी. तो चिकटा काही वर्षांत फोटोच्या पाठीत मुरतो. पीव्हीसीची पाकिटेही नकोत. नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला तर ते ओळखावे. पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पाकिटे असलेला अल्बम घ्या. तो उभा ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, आणि आत सिलिका जेलची पुडी टाका.

मागे नावे लिहायची तर काठाशी, हलक्या हाताने, पिग्मेंट शाईच्या पेनने लिहा आणि वाळल्यावरच फोटो एकावर एक ठेवा. बॉलपेन दाबून लिहिले की पुढे चेहऱ्यावर वळ उमटतात. नाव, गाव, साल एवढे पुरे, पण लिहाच.

तसबिरीसाठी दुकानात तीन गोष्टी सांगा. फोटो पुठ्ठ्याला सगळीकडून चिकटवू नका, वरच्या दोन कोपऱ्यांनाच अडकवा. फोटो आणि काच यांमध्ये माउंटची चौकट घाला, म्हणजे दमट हवेत फोटो काचेला चिकटणार नाही. मागून कागदी पट्टीने फटी बंद करा. साधी काच अतिनील किरण थोडेच अडवते, म्हणून जागा तरीही सावलीचीच हवी. घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोला आपण ताज्या फुलांचा हार घालतो. फुलांचे पाणी चौकटीच्या फटीतून आत झिरपते आणि समईची-उदबत्तीची काजळी वर बसते. तेव्हा हार घालण्यापूर्वी झटकून घ्यावा आणि उदबत्ती थोडी लांब लावावी. त्यात कोणाचा अनादर नाही.

लॅमिनेशनविषयी पुष्कळ जणी विचारतात. प्लॅस्टिकच्या थराने हवा आणि बोटांचे डाग अडतात हे खरे, पण उजेड अडत नाही आणि एकदा केलेले लॅमिनेशन काढता येत नाही. नकलेला करा, मूळ जुन्या फोटोला कधीही नको.

कोणता फोटो घरी छापू नये

एवढे सांगून झाल्यावर हेही सांगते, की प्रत्येक फोटो घरी छापायलाच हवा असे नाही. टाकीत स्वस्तातली सुटी शाई भरलेली असेल, तर रोजच्या छपाईला ती चालेल. पण तुलनात्मक चाचण्यांत अशा शाया पुष्कळदा फार लवकर उडालेल्या आढळल्या आहेत, आणि महागातला कागद त्यांना वाचवू शकत नाही. अशा वेळी जपून ठेवायचे फोटो रंगीत फोटोच्या लॅबमध्ये द्यावे. तिथे फोटोच्या खास कागदावर रसायनांच्या प्रक्रियेने छापतात का, हे विचारून घ्या. १९७०च्या सुमाराचे रंगीत फोटो आज तांबडे पडलेले दिसतात, कारण त्या काळच्या कागदांतला निळसर रंग अंधारातही उडत असे. आजचे कागद त्या मानाने खूप सुधारले आहेत. दहा-बारा फोटोंना लॅब स्वस्तही पडते.

आणि मूळ जुना फोटो, कितीही फाटका असो, टाकू नका. आधी त्याचे ६०० डीपीआयवर स्कॅनिंग करून घ्या, ती फाइल निदान दोन ठिकाणी, एक आपल्याकडे आणि एक बहिणीकडे किंवा मुलाकडे, ठेवा, आणि मूळ फोटो साध्या आम्लमुक्त कागदात गुंडाळून अंधारात ठेवा. भिंतीवर नक्कल लावा. ती उडाली तर दुसरी छापता येईल.

थोडक्यात लक्षात ठेवा

• शाळेचे काम, सजावट : कास्ट-कोटेड किंवा साधा कागद.
• अल्बम : आरसी कागद, प्रिंटरच्याच कंपनीची शाई, पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे.
• भिंत : पिग्मेंट शाई आणि चांगला मॅट कागद, नाहीतर लॅबचा फोटो. काच, माउंट आणि सावलीची भिंत.
• जीएसएम पाहून टिकाऊपणा ठरवू नये. फार पांढरा कागद घेऊ नये.
• छापल्यावर एक दिवस वाळवावे.
• मूळ फोटो आणि फाइल, दोन्ही जपावी.

येत्या रविवारी दुपारची झाकपाक झाली, की घरातल्या भिंतींवरचे फोटो एकदा फिरून पाहा. कोणत्या फोटोवर किती वाजता ऊन येते एवढे टिपा आणि ज्याच्यावर येते तो समोरच्या भिंतीवर हलवा. याला एक खिळा लागेल, बाकी काही नाही.